मोजपट्टी

मावशीने माझा एक फोटो मोठा करून, फ्रेम करून हॉलमध्ये लावला. गेल्या आठवड्यात तिच्याकडे गेले होते तेव्हा कौतुकाने दाखवला. दोन प्रचंड दगडी खांब, त्यांच्यामधून तिरकी येणारी सकाळची उन्हाची तिरीप, आणि त्या तिरीपेत निळसर झग्यातला, पांढरं मुंडासं बांधलेला एक माणूस. खांबाच्या पायथ्याशी एवढासा. सगळ्यांना आवडलेला फोटो आहे हा. मग चहा ओतताना मावशीने सहज विचारलं, "हा कोण गं?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे दिलं काहीतरी, "तिथलाच एक माणूस," असं. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. त्यासाठी पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागेल, तेव्हा चहा घेऊन बसा.

तर झालं असं, की मागच्या हिवाळ्यात मी इजिप्तला फोटोग्राफीच्या वर्कशॉपला गेले होते. आम्ही आठजण, एक शिकवणारे आणि एक स्थानिक गाइड. कैरोला न रेंगाळता थेट लक्सर, आणि तिथून आस्वान. ("पिरॅमिड कुठेत?" असं विचारणाऱ्या समस्त मामेमंडळींना हे उत्तर. पिरॅमिड नाहीत!) जायच्या आधी आईने विचारलं होतं, "फोटो काढायला शिकायचं तर एवढ्या लांब कशाला? इथे काय उजेड पडत नाही का?" बरोबर होतं तिचं. पण छोट्या गटात, पहाटे उठून, एकाच जागी तीन तास बसून काहीतरी शिकायची हौस होती. ती भागली.

पहिल्या रात्री सरांनी आम्हाला जुने फोटो दाखवले आणि एक गोष्ट सांगितली. आम्ही सगळे खूप हसलो. मीही हसले. ती गोष्ट सांगण्याआधी थोडी पार्श्वभूमी.

फोटोग्राफी आणि इजिप्त यांची गाठ अगदी जन्मापासूनची आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये डागेरच्या शोधाची बाजू मांडताना आरागो या शास्त्रज्ञाने जे उदाहरण दिलं ते इजिप्तचंच होतं. थिब्ज, मेम्फिस, कर्नाकच्या भिंतींवरची चित्रलिपी हाताने उतरवायची तर चित्रकारांच्या फौजा आणि कित्येक दशकं लागतील, या यंत्राने एकटा माणूस ते काम करू शकेल, असा त्याचा मुद्दा. त्या वर्षी १९ ऑगस्टला ही कृती जाहीर झाली, आणि तीन महिन्यांच्या आत, नोव्हेंबरमध्ये, फ्रेंच चित्रकार ऑरास व्हेर्ने आणि त्याचा जोडीदार गुपिल-फेस्के अलेक्झांड्रियात मुहम्मद अलीसमोर यंत्र मांडून उभे होते! आजच्या काळातही नवीन कॅमेरा आपल्या हातात यायला कधीकधी याहून जास्त वेळ लागतो.

पण आपल्या गोष्टीचा नायक (की खलनायक?) दहा वर्षांनी आला. मॅक्सिम द्यू काँ, वय २७, पैसेवाला, हौशी. सोबत त्याचा मित्र गुस्ताव्ह फ्लोबेर. 'मादाम बोव्हारी' लिहिणारा फ्लोबेर तो हाच, पण तेव्हा त्याचं एकही पुस्तक छापून आलं नव्हतं. दोघांनी फ्रेंच सरकारकडून एकेक काम पदरात पाडून घेतलं होतं. द्यू काँकडे स्मारकांचे फोटो काढायचं, फ्लोबेरकडे व्यापाराची माहिती गोळा करायचं. फ्लोबेरने ते काम कितपत केलं हा प्रश्नच आहे. देवळांचाही त्याला लवकरच कंटाळा आला, तसं त्याने लिहूनही ठेवलंय. मित्राचा सगळा दिवस फोटोंत जातो, हेही त्याने घरी कळवलं होतं.

द्यू काँला फोटोग्राफी कुठे येत होती? निघायच्या आधी तो पॅरिसमध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याच्याकडे शिकला. ल ग्रे हा त्या काळचा मोठा फोटोग्राफर आणि मोठा शिक्षक. काचेऐवजी कागदाची निगेटिव्ह, आणि कागद आधीच तयार करून कोरडा न्यायचा, अशी ती पद्धत. इजिप्तच्या हवेत ती काही नीट जमेना. मग कैरोत त्याला अलेक्सी द लाग्राँज भेटला. हा स्वतः फोटो काढायचा आणि निघाला होता भारताकडे. त्याने द्यू काँला ब्लांकार-एव्रार याची ओल्या कागदाची पद्धत शिकवली आणि गाडी रुळावर आली. म्हणजे बघा, परदेशात जाऊन छोट्या गटात फोटोग्राफी शिकण्याची ही परंपरा निदान १८४९-५० इतकी जुनी आहे, आणि तो गट फक्त दोघांचा होता. आईला हे उत्तर द्यायला हवं होतं.

१८५०च्या फेब्रुवारीत दोघं नाईलवरून दक्षिणेकडे निघाले. नावेवर खलाशी होते, आणि त्यातला एक न्युबियन तरुण होता हाजी इस्माईल. द्यू काँला अडचण अशी होती की नुसत्या खांबाचा फोटो काढला तर पॅरिसमधल्या माणसाला तो खांब सहा फुटी की साठ फुटी कसं कळणार? म्हणून तो जिथे जाईल तिथे हाजी इस्माईलला घेऊन जायचा आणि अवशेषांवर चढवून बसवायचा. माणसाची मोजपट्टी.

पण मोजपट्टी हलते! तेव्हाच्या कागदाला उजेड घ्यायला वेळ लागायचा, तेवढा वेळ माणूस हलला की पुसट झालाच. मग द्यू काँने युक्ती केली. हे पितळी नळकांडं दिसतंय ना, ती तोफ आहे, हललास तर गोळ्यांचा वर्षाव होईल, असं त्याने हाजी इस्माईलला सांगितलं. आणि मग तो कसा पुतळ्यासारखा थिजून बसायचा, या बिचाऱ्यांचा भोळेपणा बघा, असं त्याने पुढे आपल्या प्रवासाच्या पुस्तकात मोठ्या खुशीत लिहिलं.

सरांनी आम्हाला सांगितलेली गोष्ट ती हीच. आम्ही हसलो ते इथे.

दुसऱ्या दिवशी पहाटे कर्नाक. तिथला खांबांचा मंडप तुम्ही फोटोत पाहिला असेलच. १३४ खांब, मधल्या रांगेतले सर्वांत उंच खांब २० मीटरच्या वर. आम्ही पोचलो तेव्हा गर्दी व्हायची होती. सरांनी आधीच सांगून ठेवलेला एक माणूस आला, स्वच्छ झगा, मुंडासं. "स्केलसाठी," सर म्हणाले. गाइडने आम्हाला अरबीत 'हलू नका' कसं म्हणायचं ते शिकवलं. 'आभारी आहे' नंतर मी शिकलेला तो दुसरा शब्द. आठ कॅमेरे एका माणसावर रोखलेले. जरा डावीकडे.. मागे.. आता मान वर.. हलू नका! अर्धा तास तो उभा होता. मग सरांनी त्याच्या हातात पैसे ठेवले, त्याने छातीला हात लावला, आणि तो गेला. मावशीच्या हॉलमध्ये आहे तो हा फोटो.

तेव्हा मला काहीही वाटलं नाही. खरं सांगते. उन्हाची तिरीप मिळाली याचाच आनंद होता.

रात्री हॉटेलवर सहज म्हणून द्यू काँचे फोटो शोधत बसले. मोठ्या संग्रहालयांनी ते आता आपापल्या संकेतस्थळांवर ठेवलेत, कोणालाही बघता येतात. १८५२ साली द्यू काँने १२५ फोटोंचा ग्रंथ काढला - इजिप्त, न्युबिया, पॅलेस्टाईन आणि सीरिया. खरे फोटो डकवलेलं असं पुस्तक फ्रान्समध्ये तोवर झालं नव्हतं. प्रिंट काढले ब्लांकार-एव्रारच्या लील इथल्या कारखान्यात. या कामासाठी द्यू काँला फ्रान्सचा मोठा सन्मानही मिळाला. गंमत म्हणजे कॅमेरा तोवर त्याच्याकडे उरला नव्हता. प्रवासातच बैरुतला त्याने तो देऊन टाकून बदल्यात जरीचं कापड घेतलं होतं. काम झालं, हौस संपली!

त्या फोटोंमधला अबू सिंबलचा फोटो मी मोठा करून बघितला. रामसेसचा महाकाय पुतळा, वाळूत बराचसा बुडालेला. आणि त्याच्या मुकुटावर, अगदी वर, एक छोटी आकृती. हाजी इस्माईल.

आणि मग मी त्या पुस्तकातला पुढचा भाग वाचला, जो सरांनी सांगितला नव्हता. द्यू काँ म्हणतो, देंदेराहून परत आल्यावर हाजी इस्माईल आणि नावेचा तांडेल रईस इब्राहिम यांचं बोलणं माझ्या कानावर पडलं. रईसने विचारलं, काय नवीन? हाजी इस्माईल म्हणाला, विशेष काही नाही. त्या 'हाडकुळ्या बापा'ने (हे द्यू काँचं नाव!) मला एका मूर्तीचं भलंमोठं तोंड असलेल्या खांबावर चढायला लावलं, स्वतःचं डोकं काळ्या फडक्यात गुंडाळलं, पिवळी तोफ माझ्याकडे वळवली आणि ओरडला, हलू नकोस! तोफ आपल्या चमकत्या डोळ्याने माझ्याकडे बघत होती, पण मी अजिबात हललो नाही, आणि तिने मला मारलं नाही. यावर रईस गंभीरपणे म्हणाला, ईश्वर थोर आहे.

मी हे दोनदा वाचलं. कॅमेऱ्यासमोर उभं राहणाऱ्याला ते कसं वाटलं, याचं इतकं जुनं वर्णन माझ्या तरी वाचनात दुसरं नाही. तेही फोटो काढणाऱ्याने चेष्टा म्हणून लिहिलं, म्हणून टिकलं.

बरं, द्यू काँ एकटाच असा होता असंही नाही. त्याच्यामागून १८५६ ते १८६० मध्ये फ्रान्सिस फ्रिथ तीनदा इकडे आला. लिव्हरपूलचा किराणा व्यापारी, धंदा विकून फोटोग्राफीत उतरलेला. त्याचं तंत्र काचेचं, ओल्या कलोडियनचं. काचेवर द्रावण ओतायचं आणि ते वाळायच्या आत फोटो काढून धुवायचा. वाळवंटात बंद तंबूत ते द्रावण अक्षरशः उकळायचं, असं त्याने लिहिलंय. त्याच्याही फोटोंत देवळांच्या पायथ्याशी माणसं बसलेली आहेत. आणि आपल्याकडे? मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्यात भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी आपली माणसंही होती. पण त्याच मुंबईत विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंड काढले. मुंबईच्या निरनिराळ्या जातीजमातींचे फोटो. माणसं स्टुडिओत उभी करायची आणि मागे बाहेरचा देखावा जोडायचा. फोटोखाली नाव असायचं ते समाजाचं. माणसाचं नाही. तिथे माणूस खांबाची मोजपट्टी नव्हता, अख्ख्या जातीची होता, एवढाच फरक.

असो. तर लक्सरहून आम्ही आस्वानला गेलो. तिथे एका दुपारी शिडाच्या नावेतून, फलुकातून, नाईलमध्ये हिंडत होतो. नावाडी न्युबियन, पन्नाशीचा असेल. मी भारतातली म्हटल्यावर आधी "अमिताभ बच्चन!" झालं. (इजिप्तमध्ये हे होतंच.) मग गप्पा सुरू झाल्या. त्याला थोडं इंग्रजी येत होतं. मी फोन काढून त्याला अबू सिंबलचा तो फोटो दाखवला आणि तोफेची गोष्ट सांगितली. वाटलं हसेल, नाहीतर रागावेल तरी.

त्याने फोटो मोठा केला, मुकुटावरच्या माणसाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "हा घाबरलेला दिसतोय तुला?"

मी बघितलं. अशा भव्य डोक्यावर तो चांगला आरामात बसलेला वाटत होता.

"नाववाले साहेबांना गोष्टी सांगतात," तो म्हणाला. "साहेबांना आवडतात. आम्ही आजही सांगतो." आणि मग तो हसला.

आता, हाजी इस्माईल खरंच घाबरला होता की साहेबाचीच फिरकी घेत होता, हे कळायला मार्ग नाही. एवढ्याशा ठिपक्यावरून चेहरा वाचता येत नाही, हेही खरं. पण मला एवढं लख्ख कळलं की आम्ही त्या रात्री हसलो ते द्यू काँच्या शब्दावर विश्वास ठेवून. महिनोन् महिने त्या यंत्राशेजारी वावरलेला, रोज त्याच्यापुढे बसून रोज जिवंत परत येणारा माणूस शेवटपर्यंत त्याला तोफ समजत राहिला? हा साधा प्रश्न आठजणांपैकी एकालाही पडला नाही. इतिहासात असं पुष्कळदा होतं. लिहिणारा एकच असतो, आणि हसायचं कुठे ते तोच ठरवतो.

मग नावाड्याने विचारलं, "या साहेबाच्या फोटोत आमची गावं आहेत का?"

त्याचे आजोबा जुन्या न्युबियातले. तो भाग आता नाही. पहिलं आस्वान धरण १९०२ साली झालं, पुढे दोनदा उंच केलं, दर वेळी काही गावं वर सरकली. मग १९६०च्या दशकात मोठं धरण आलं. अबू सिंबलचं देऊळ वाचवायला सगळं जग धावलं. १९६४ ते १९६८ मध्ये डोंगरातलं ते देऊळ करवतीने कापून, हजाराहून जास्त तुकडे करून, ६५ मीटर वर नेऊन पुन्हा जोडलं. मी ते बघितलंय, थक्क व्हायला होतं. आणि माणसं? इजिप्तमधले सुमारे ५० हजार न्युबियन १९६३-६४ मध्ये उठवून कोम ओंबोजवळच्या वसाहतींत नेले. नदीकाठची, खजुरांची गावं पाण्याखाली गेली. सीमेपलीकडे सुदानमध्ये वादी हाल्फाकडच्या लोकांचंही तेच झालं. कोयना किंवा उजनीचं पाणी ज्यांनी अंगणात येताना पाहिलं त्यांना मी आणखी काय सांगणार?

मी बोट सरकवत एकेक फोटो दाखवत गेले. कलाब्शा, दक्का, अमादा, सबुआ.. नावं त्याला सगळी पाठ होती. पण फोटोंत जिकडेतिकडे देऊळ. द्यू काँ आला होता ते देवळांसाठी. गावातल्या माणसांतला एकजण त्याने सोबत घेतला होता, तो देऊळ किती मोठं आहे हे दाखवायला.

नावाड्याने फोन परत दिला आणि शिडाची दोरी धरली. त्याने मला त्याचं नाव सांगितलं होतं. विचारलं नाही म्हणून इथे लिहीत नाही.

इजिप्तच्या सरकारने २०२२ साली सार्वजनिक जागी स्वतःसाठी फोटो काढायला मोकळीक दिली. पूर्वी त्यासाठी परवानग्यांची कटकट असायची. पण एक अट ठेवली, की तिथल्या नागरिकांचे फोटो काढायचे तर त्यांची लेखी परवानगी हवी. देशाची बदनामी होईल असे फोटो काढू नयेत असाही एक नियम त्यात आहे, त्यामागचा हेतू काय ते तुम्ही समजू शकता. पण ती लेखी परवानगीची अट वाचून मी चपापले. लेखी म्हणजे कागदावर नाव आलं. कर्नाकमधल्या त्या माणसाचं नाव आम्हा आठजणांपैकी कोणाकडे आहे?

द्यू काँने हाजी इस्माईलला फसवलं (किंवा फसवलं असं त्याला वाटलं), त्याची टिंगल केली. पण त्याचं नाव लिहिलं. त्याचं बोलणं लिहिलं. म्हणून पावणेदोनशे वर्षांनी एका न्युबियन नावाड्याला त्या ठिपक्याकडे बघून काहीतरी म्हणता आलं. मी फसवलं नाही, टिंगल केली नाही, पैसे दिले गेले, 'आभारी आहे' अगदी अरबीत म्हटलं. पण विचारलं मात्र काहीच नाही. माझ्या संगणकावर त्या फोटोखाली लिहिलंय: कर्नाक, सकाळ, माणूस.

द्यू काँचा गुरू ल ग्रे, त्याचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. धंदा बुडाला, १८६० साली घरदार सोडून तो निघाला, सीरियामार्गे इजिप्तला पोचला आणि कैरोतच राहिला. चित्रकला शिकवून पोट भरलं. वीसेक वर्षं राहिला आणि १८८४ साली तिथेच गेला. त्याच्याकडे शिकून इजिप्तला आलेला शिष्य वर्ष संपायच्या आत पुढे निघून गेला होता. एका जागी थांबणं आणि फोटो काढून जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत खऱ्या.

वर्कशॉपमध्ये मी बरंच शिकले. उन्हाची दिशा, खांबांच्या सावल्या, कधी थांबायचं. सर चांगले होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. माणूस फ्रेममध्ये असला की खांब मोठा दिसतो, हेही खरंच आहे. फक्त त्यानंतर दोन मिनिटं जाऊन त्याच्याशी बोलायचं, हे त्यांनी शिकवलं नाही आणि मला सुचलं नाही.

मावशी, तुझ्याकडून आल्यावर मी आमच्या गाइडला निरोप पाठवलाय. त्याने विचारलं, कुठला माणूस? तिथे असे बरेच आहेत. मी फोटो पाठवला. तो म्हणाला, चेहरा फार लहान आहे, पण पुढच्या खेपेला कर्नाकला गेलो की फोटो दाखवून चौकशी करतो. एक प्रिंटही त्याच्याकडे धाडतेय, सापडला तर त्याला द्यायला. नाव कळलं आणि त्याची हरकत नसली तर फ्रेमच्या मागे लिहू. तोवर कोणी विचारलं, हा कोण, तर आम्हाला ठाऊक नाही असंच सांग.